जब्बार मुकादमाचा हात

शुक्रवारी भिवंडीतल्या कापड विणणाऱ्या लूम बंद असतात आणि सगळ्या गावाला आपले कान गेल्यासारखं वाटतं. उरलेले सहा दिवस खटखटाट एवढा, की माणूस मांडीला मांडी लावून बसलेल्याशीही खाडीपलीकडच्याला हाक मारावी तसा बोलतो. ही सवय शुक्रवारीही सुटत नाही. त्यामुळे सिराजच्या हॉटेलात खाडी युनियन या फुटबॉल क्लबचे पाठीराखे मॅचआधी जे गुप्त डावपेच ठरवत, ते समोर वडाखाली बूट बांधत बसलेल्या पाहुण्या संघाला फुकटात ऐकायला मिळत.

शहाण्णव सालच्या मार्चमधल्या एका शुक्रवारी, दुपारची नमाज आटपून जब्बार मुकादम हॉटेलात आला आणि कोपऱ्यातल्या बाकावर सावकाश टेकला. वय अठ्ठावन्न, त्यातली एकतीस वर्षं लूमच्या कारखान्यात उभ्यानं गेलेली. त्याचे गुडघे बसताना एकदा वाजत आणि उठताना दोनदा.

"काय चान्स?" त्यानं विचारलं.

"चान्स हाय," बाळाराम म्हणाला.

हा प्रश्न आणि हे उत्तर दोन्ही अकरा वर्षं जुनी होती. बाळाराम कोन गावचा. एके काळी जब्बारच्याच हाताखाली चार लूम सांभाळायचा आणि संघात बॅक खेळायचा. पुढं रस्त्याकडेची जमीन विकली गेली, लूम सुटली आणि पोट सुटलं. चान्स मात्र दर वर्षी असायचा. संघ चार गोलांनी हरून आला तरी बाळाराम म्हणायचा, "पुढच्या टायमाला हाय."

"आज कल्याणशी नुसती बरोबरी केली तरी बास," तो बोटानं टेबलावर सांडलेल्या चहात मैदान काढत म्हणाला. "येक पॉइंट. न्हायतर गेलो खालच्या डिव्हिजनला."

"खालच्या कशाला, थेट पेटीत," गल्ल्यावरून सिराज म्हणाला. "केसरीनाथ सेक्रेटरीनं काल इथंच सांगितलं. खाली गेलो तर जर्श्या धुऊन, डांबरगोळ्या घालून पेटीत. क्लबला कुलूप. त्याच्यात आता दम नाय, आणि खरं सांगायचं तर माझ्यातपण नाय."

"पोरं चांगली हायत र."

"पोरं? ही पोरं?" सिराजनं चहाचं फडकं खांद्यावर टाकलं. "आपल्या टायमाला बारा तास लूमवर उभं राहून मॅच खेळायचे. आताचा गोलकीपर एसटीडी बूथमध्ये बसून असतो. सेंटर-हाफ कॉम्प्युटर शिकतो. दोघं वडप्याला ट्रान्सपोर्टमध्ये. लूमचं तोंड बघितलेला एक नाय टीममध्ये. पाच मिन्टं धावले की कंबर धरतात."

"तू किती धावायचास?" बाळारामनं विचारलं.

"मी बारावा होतो. बसायलापण स्टॅमिना लागतो."

कोणीतरी दमून हसलं. जब्बार हसला नाही. तो बशीतल्या चहाकडं बघत होता. त्या हॉटेलातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, की पावणेचार वाजले की मंडळी उठून शेलारच्या रस्त्यावरच्या मैदानाकडं निघतील, आणि जब्बार उठून उलट्या दिशेनं घरी जाईल. अकरा वर्षं तो मॅचआधीची प्रत्येक चर्चा ऐकत आला होता. मॅच मात्र एकही पाहिली नव्हती.

त्याला कारण त्याचा उजवा हात.

कारखान्यात लूमच्या आवाजात बोलून उपयोग नसतो. तिथं सगळं हातांनी चालतं. ओठांवर दोन बोटं म्हणजे चहा आला. मनगटावर टिचकी म्हणजे शिफ्ट संपली. आणि मुकादमानं मूठ वळून हात वर केला, की सुताची तार तुटली, लूम थांबव. या हाताला उशीर केला तर कापडात भोक पडतं. म्हणून कारागीर विचार करत नाही. हात दिसला की तो थांबतो.

पंच्याऐंशी साली युनियनच्या बचावातले चारही गडी जब्बारच्या कारखान्यातले होते. लीगची शेवटची मॅच, समोर कल्याणचाच संघ. युनियन एका गोलानं पुढं, पाच मिनिटं बाकी, आणि कप टेबलावर मांडलेला. कल्याणचा फॉरवर्ड बॉल घेऊन निघाला. तो ऑफसाइड आहे असं लाइनीबाहेर बघ्यांत उभ्या जब्बारला वाटलं, आणि त्यानं मूठ वळून हात वर केला.

चारही बॅक जागच्या जागी उभे राहिले. त्यातला बाळाराम तर खाली वाकून गवतात बघू लागला. तार कुठं तुटली ते शोधत होता, असं त्यानं पुढं तीन वर्षं कोणाला कबूल केलं नाही. फॉरवर्ड मशिदीत शिरावं तसा अदबीनं आत शिरला आणि गोल झाला. पाठोपाठ घाबरलेल्या गोलकीपरच्या हातून दुसरा सुटला. कप कल्याणला गेला.

जब्बारला कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर तो पुढच्या शुक्रवारी मैदानावर गेला असता. सगळे नुसते "चालतं र, मुकादम" म्हणाले, आणि तेच त्याला पचलं नाही.

आज सकाळी त्याच्या बायकोनं, साजिदानं, त्याच्यापुढं नाश्त्याची थाळी ठेवताना म्हटलं होतं, "जाऊन या येकदा. क्लबच बंद पडला तर कुठं जाणार? मग मरेपर्यंत माझंच डोकं खाल."

"माझ्या हातानं हरले तर?"

"अकरा वर्षं तुमी गेला नाय. किती वेळा जिंकले?"

दोनदा जिंकले होते, आणि त्यातल्या एकदा समोरचा संघ आलाच नव्हता.

पावणेचार झाले. बाकं सरकली. जब्बारचे गुडघे दोनदा वाजले.

"मीपण येतो," तो म्हणाला.

सिराजनं बाळारामकडं पाहिलं, बाळारामनं टेबलावरच्या मैदानाकडं. ते वाळत चाललं होतं.

"या की," बाळाराम शेवटी म्हणाला. "पन हात माज्याकडं द्यायचा."

मग नवरीला मांडवात न्यावं तसा मुकादमाचा उजवा हात धरून बाळाराम त्याला मैदानावर घेऊन गेला. डाव्या हातात सिराजनं चहाचा थर्मास दिला. लाइनीच्या कडेला जुने दहा-बारा कारागीर आधीच टेकले होते. त्यांनी सरकून जागा केली. पण जागा केली ती थर्मासच्या बाजूनं.

मॅच युनियनच्या नेहमीच्या मॅचसारखी होती. म्हणजे बघवत नव्हती. कल्याणनं एक गोल केला. पोरांनी कंबर धरली. हाफटाइमनंतर उताराची बाजू आपल्याकडं आली, आणि बॉल स्वतःच्या मर्जीनं घरंगळत कल्याणच्या गोलात गेल्यासारखा गेला. एक-एक. बाळाराम दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागला, आणि त्यासाठी जे सोडावं लागलं ते त्यानं सोडलं.

शेवटची पाच मिनिटंही संपत आली. कल्याणचा फॉरवर्ड बॉल घेऊन निघाला. अगदी त्याच बाजूनं. तो ऑफसाइड होता. नक्की होता. जब्बारनं ठरवलं होतं की काही करायचं नाही. पण एकतीस वर्षांच्या सवयीला ते कोणी सांगितलं नव्हतं. मूठ वळली आणि हात वर गेला.

"मेलो," असं म्हणून जब्बारनं डोळे मिटले.

त्याला बूट आपटल्याचा आवाज आला. मग कोणीतरी धापा टाकत "सोड, सोड, माझा!" असं ओरडलं. मग बॉल लांब कुठंतरी रस्त्यावर पडला आणि एका ट्रकनं हॉर्न दिला. लगेच शिट्टी झाली. मॅच संपल्याची लांब शिट्टी.

त्यानं डोळे उघडले. कॉम्प्युटर शिकणारा सेंटर-हाफ गवतात आडवा पडून हसत होता आणि बाकीची पोरं त्याच्यावर उड्या मारत होती. एकही जण थांबला नव्हता. कोणी पाहिलाही नव्हता तो हात. एकट्या गोलकीपरनं पाहिला, पण त्यानं तिथूनच विचारलं, "काय चाचा, पाणी पायजे का?"

अकरा वर्षं. जब्बारला एकदम फार दमल्यासारखं झालं. हा हात घरी सांभाळत तो इतके शुक्रवार बसला होता, आणि इथं तो वाचता येणारं कोणी उरलंच नव्हतं.

मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्या बाजूला कसलाच आवाज नाही. पोरांचा जल्लोष चालला होता, पण लाइनीवर चिडीचूप. त्यानं मान वळवली. दहा-बारा जुने कारागीर जिथल्या तिथं थिजले होते. सिराज अर्धवट उठलेला. बाळारामचे दोन्ही हात टाळीच्या मध्येच, वीतभर अंतरावर. सगळ्यांचे डोळे त्या मुठीवर.

"मुकादम," बाळाराम ओठ न हलवता म्हणाला, "हात खाली घ्या की. आमी कवापत्तूर असं थांबून रवायचं?"