मोजणीचं जाळं

त्सोन्कामावशीला चिडलेलं काळ्या समुद्रावरच्या कावार्नाच्या बंदरात सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण त्या मे महिन्यातला तिचा राग वेगळा होता, आणि त्यातला निम्मा माझ्यावर होता.

मी मत्स्यसंशोधन संस्थेच्या बोटीवर मासे मोजायचो. दर एप्रिलला आम्ही कल्कान मोजायला निघायचो. कल्कान म्हणजे पाठीवर खड्यांसारख्या गाठी असलेला चपटा मासा. तळाच्या चिखलात अंग पुरून पडलेला असतो. दरवर्षी त्याच चाळीस जागा, प्रत्येक जागी अर्धा तास तळावरून जाळं ओढायचं, आणि जाळंही तेच, मावशीने विणलेलं. एकतीस वर्षं तिने त्यातली एक गाठ इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. जाळं बदललं की यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही, हे आम्हा शिकलेल्यांपेक्षा तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी डॉक्टर रायचेव मोजणीचे नवे प्रमुख होते. पहिल्या पाच जागी मिळून जेमतेम तीन मासे आले. सहाव्या जागी त्यांनी जाळ्याच्या तोंडापुढे जाड साखळी बांधायला लावली. साखळीने चिखल उकरला, मासे उठले आणि जाळ्यात शिरले. मी ते मोजले, लांबी लिहिली. साखळीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, विचारलंही नाही.

जाळं दुरुस्तीला गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी मावशीने मला तिच्या जाळी विणायच्या शेडवर बोलावलं. जाळ्याचं पोट उलटं पसरलेलं होतं. दोरा घासून पांढरा पडला होता.

"हे कशाने झालं?"

"खडकाला लागलं असेल, मावशी."

"एकतीस वर्षं हे माझ्या मांडीवर आहे. मला खडक शिकवतोस? साखळी कोणी लावली?"

मी सांगितलं.

"आणि तू काय करत होतास? पट्टी घेऊन शोभेला उभा होतास?"

ती तशीच रबरी बुटांत मच्छीमारांच्या सभेला गेली. रायचेव सांगत होते, कल्कान दुप्पट झालाय, पकडीची मर्यादा वाढवता येईल. टाळ्या पडल्या. मावशीचा सख्खा भाऊ झेल्याझ्को पुढेच बसला होता, तोही वाजवत होता.

"मासे वाढलेले नाहीत," मावशी दारातूनच म्हणाली. "यांनी साखळी बांधून चिखलातले होते नव्हते तेवढे उकरून काढले."

रायचेव हसले. "बाई, तुम्ही जाळं विणा. गणित आमच्यावर सोडा."

"गणित तुमचं, जाळं माझं. त्यातून खोटं काढायचं नाही."

"गप बस त्सोन्के," झेल्याझ्को म्हणाला. "सगळ्यांच्या पोटावर पाय देतेस."

"तुझ्याच पोटाचं बोलतेय, मूर्खा. पाच वर्षांनी काय खाशील, चिखल?"

तिने मला शेडमध्ये बसवून तक्रार लिहून घेतली आणि खाली माझीही सही घेतली. शरद ऋतूत वरच्या समितीने त्या वर्षीची मोजणी बाद केली. मर्यादा होती तिथेच राहिली. रायचेवही होते तिथेच राहिले. झेल्याझ्कोने मात्र बहिणीच्या घराची पायरी चढणं सोडलं.

पुढच्या एप्रिलला संस्थेने कारखान्यातलं नवं जाळं आणलं. हे सांगायला मी गेलो, तेव्हा मावशी शिंपल्यांच्या शेतीसाठी दोर वळत होती.

"म्हणजे मागचं काहीच आता जुळणार नाही," ती म्हणाली. "एक साखळी सोडायची होती रे. तेवढी सोडवेना, म्हणून माझं जाळंच टाकलं."

तिने दोराला असा हिसका दिला की खुंटी उपटून आली. मला बस म्हणाली नाही.