एल्बोवरचा हातोडा

आमगावचे शेंडे सर नसते तर मी इंजिनियर झालो नसतो. आणि त्यांनी शिकवलेला एक शब्द डोक्यात राहिला नसता तर रसमड्याच्या कारखान्यातून मला प्रोबेशनमध्येच घरी पाठवलं असतं. शब्द होता एल्बो. म्हणजे कोपर.

"ये लाइन एक बार और चोक हुई ना," मालक म्हणाले, "तो कन्फर्मेशन भूल जाओ, इंजिनियर साहब."

'साहब' ते फक्त कोणाला काढायचं असलं की म्हणत.

लाइन म्हणजे काय ते सांगतो. आमच्या भट्टीला चुन्याची पूड लागते. ती पाइपातून हवेच्या जोरावर पाठवतात. पाइप जमिनीलगत जातो आणि एका जागी वळून वर चढतो. वळणाच्या त्या तुकड्याला एल्बो म्हणतात. पूड तिथं अडकली की लाइन चोक. लाइन चोक म्हणजे भट्टी उपाशी. भट्टी उपाशी म्हणजे मालक उपाशी, आणि मालक उपाशी असले की कोणाला तरी खातात. त्या वर्षी ताटात मी होतो.

माझे बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते. घरात खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिला. आईनं रिसालीच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

लाइनवरचे ऑपरेटर धनराजभाऊ. मूळचे भंडाऱ्याकडचे, कारखान्यात मालकांपेक्षा जुने. त्यांच्या खुर्चीशेजारी एक मोठा हातोडा असे. पाइपातल्या हवेचा दाब दाखवणारा काटा जरा वर चढला की ते उठत, एल्बोवर दणादण घाव घालत आणि काटा उतरला की परत येऊन बसत.

"भाऊ, काहून ठोकता एवढं?" मी एकदा विचारलं होतं.

"पूड अडकून राहिली ना जी. ठोकलं का मोकळी होते. तुमच्या कॉलेजात नाई शिकवलं?"

नव्हतं शिकवलं. रायपूरहून एक कन्सल्टंट आले. त्यांनी काटा पाहिला, एल्बो पाहिला, समोसा खाल्ला आणि 'लाइनवर बारीक लक्ष ठेवावे' असा रिपोर्ट दिला. एल्बो आम्ही बदलत होतो, ठिगळं लावत होतो. थोड्याच दिवसांत पुन्हा चोक.

मग विश्वकर्मा पूजा आली. भिलाई-दुर्गकडे हा कारखानेवाल्यांचा सर्वांत मोठा सण. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून देवापुढे लाल कपड्यावर मांडतात. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. भट्टी मात्र चालूच असते. ती देवाचंही ऐकत नाही.

मालकांचे पाहुणे येणार होते. ठिगळांचा एल्बो दिसायला वाईट, म्हणून आदल्या दिवशी नवा बसवला आणि त्याला चांदीचा रंग फासला. धनराजभाऊंचा हातोडा देवापुढे मधोमध बसला. दांड्याला झेंडूची माळ.

पूजा झाली. मालक पाहुण्यांना घेऊन लाइनपाशी आले, हातात बुंदीचा द्रोण. आणि नेमका काटा चढायला लागला.

"अरे, देख क्या रहे हो? ठोको!" मालक म्हणाले.

धनराजभाऊंनी हात मागे बांधले. "आज नाई जमत, मालक. देवापाशी बसला हाय तो."

"दूसरा हथौड़ा लाओ!"

"सगळेच बसले हायेत जी."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझं कन्फर्मेशन होतं. हातोडा चार पावलांवर होता. उचलला असता तर मालक खूश, पण उद्यापासून एकाही फिटरनं माझं ऐकलं नसतं. नाही उचलला आणि लाइन बसली, तर ऐकवायला मी कारखान्यातच नसणार. मी तिकडे एक पाऊल टाकलंही.

"साहेब," धनराजभाऊ हळूच म्हणाले, "पाप लागन."

मी थांबलो. काटा चढला, चढला, धोक्याच्या लाल रेघेच्या खाली जरासा थरथरला, आणि कोणी बोटही न लावता आपसूक खाली आला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा पूजेचाच भाग आहे.

त्या दिवशी काटा बऱ्याचदा चढला आणि तसाच उतरला. पुडीचा नवा लोट आला की तो चढतो, लोट पुढे गेला की उतरतो. आजवर ते श्रेय हातोडा घेत होता. मग लाइन खरोखर चोक कशानं होत होती?

दुसऱ्या दिवशी मी भंगारातला जुना एल्बो काढला आणि आत हात घातला. बाहेर जिथं जिथं घाव, आत तिथं तिथं उंचवटे. लाइनभर गुळगुळीत सरकत आलेल्या पुडीला वळणावर मुद्दाम गतिरोधक बांधून दिले होते.

तेव्हा शेंडे सर आठवले. शाळेत इंग्रजीच्या तासाला एल्बो शिकवताना त्यांनी अख्ख्या वर्गाला हात वर करून वाकवायला लावले होते. "एल म्हणजे हात. आपण दोरी हातानं मोजतो ना, तसे पूर्वी इंग्रज कापड एलनं मोजायचे. बो म्हणजे वाक. धनुष्याला म्हणतात तोच. दोन्ही मिळून एल्बो. वाक गेला तर उरला नुसता हात!" पुढे त्यांनी वापर सांगितला. कोपरानं ढकलत घुसणं म्हणजेही टू एल्बो, आणि ऐसपैस जागा म्हणजे एल्बो रूम. आम्ही चौघं एका बाकावर बसायचो. पहिला वापर लगेच कळला, दुसरा कधीच नाही.

घाव खाऊन आमच्या एल्बोचाही गुळगुळीत वाक गेला होता. मी धनराजभाऊंना बोलावून आत हात घालायला लावला. ते बराच वेळ चाचपत राहिले.

"म्हंजे आजवर मी येडाच होतो का?"

आता चुकलो असतो तर सगळं गेलं असतं. मी म्हणालो, "तसं नाही, भाऊ. काल हातोडा देवापाशी होता तर लाइन चालली. तिथंच राहू द्या त्याला."

त्यांनी विचार केला. "देवाचीच मर्जी असन तर आपण कोण?"

हातोडा कंट्रोल रूममधल्या देवाच्या फळीवर गेला. काटा लाल रेघ ओलांडेपर्यंत कोणी उठायचं नाही, असं ठरलं. धनराजभाऊ रोज हातोड्याला उदबत्ती लावत. काटा चढला की त्यांचा हात शिवशिवे, मग ते तंबाखू मळत. लाइन काही चोक झाली नाही. मी कन्फर्म झालो. मालकांनी 'नो हॅमर पॉलिसी' असा बोर्ड लावून खाली स्वतःचं नाव घातलं. मी यातून एवढंच शिकलो की एखादी गोष्ट न केल्यानं काम होत असेल, तर ते पटवायला देवाची सही लागते.

त्याच आठवड्यात मी सरांना पत्र लिहिलं.

"आदरणीय सर,
सा. न.

मी नोकरीत कायम झालो. आई पेढे घेऊन तुमच्याकडे येणार आहे. हे तुमच्या एल्बोमुळे घडलं. सविस्तर भेटीत सांगेन.

एक गोष्ट मात्र आजच लिहितो. आम्ही बाकावर कोपर टेकून बसलो की तुम्ही त्यावर लाकडी पट्टी मारायचात. एल्बोवर मारून काहीही सुधारत नाही, उलट आत टेंगळं येतात, हे आमच्या कारखान्यात सिद्ध झालं आहे. ती पट्टी अजून असेल तर हळदकुंकू लावून देवापुढे ठेवावी, ही नम्र विनंती.

तुमचा,
तिसऱ्या बाकावरचा, डाव्या कोपराचा विद्यार्थी"