दुर्बिणीचं कुंकू

“तू मागे थांब गं. ताटाला हात नको. तुमच्यात कुठे असतं हे!”

साहेब सगळ्यांसमोर मला बोलले. खणखणीत. दोघं-तिघं हसलेही.

आज खंडेनवमी. ठाण्याच्या आमच्या कंपनीत लेथला, ड्रिलला हार घालून, हळदकुंकू लावून झालेलं. मग साहेब ताट घेऊन निघाले ते माझ्या दुर्बिणीकडे. माझ्याच म्हणणार. अंतराळात जाऊन क्ष-किरण टिपणारी दुर्बीण, आणि तिच्या आरशांची रचना मी केलेली. पहिला नमुना जोडून धूळबंद खोलीत ठेवलेला. परवा चाचणी.

हे किरण आरशावर समोरून आदळले तर आत शिरतात, संपले. कडेने घासत गेले तरच वळतात. म्हणून आरसे एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. धुळीचा कण चालत नाही. त्या खोलीत आम्ही तोंडाला पावडर लावूनही जात नाही. हा नियम साहेबांनीच केलेला. आणि साहेबच निघाले कुंकू घेऊन!

बाकीचे बाजूला सरून त्यांना वाट देऊ लागले.

मी दारात जाऊन उभी राहिले.

“सर, ताट आत जाणार नाही.”

“चिमूटभर तर लावायचंय. शुभकार्यात आडवी येऊ नकोस.”

“आरसे खराब होतील. तुम्हाला माहितीये.”

“सवलतीवर आलेल्यांनी मला शिकवायचं नाही. हो बाजूला!”

अंगाचा तिळपापड झाला. शाळेत पाटीपूजनाला बाई मला चपला राखायला बसवायच्या. बसायचे. निमूट. आज नाही ऐकलं. दाराची कडी गच्च धरून ठेवली. शेवटी साहेबांनी ताट टेबलावर आपटलं. कुंकू फरशीभर झालं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. “परवा चाचणीला तू नाहीस.” ठेवून दिला.

डोंबिवलीला घरी सांगितलं तर आई रडायला लागली. “माफी मागून टाक बाळा. एवढी शिकलीस, नोकरी घालवू नकोस.”

“कसली माफी, आई? आरसे वाचवले त्याची?”

आईने पदराने डोळे पुसले. तिची भीती मला कळते. पण ती आता माझ्या उपयोगाची नाही.

परवा मी जाणार. डगला, टोपी, हातमोजे घालून नमुन्यापाशी उभी राहणार. काढायचं तर खुशाल काढा. पण का काढताय ते सगळ्यांसमोर, तोंडाने सांगायचं. जातीचं नाव घेऊन सांगायचं. तोपर्यंत मी तिथून हलणार नाही.