ट्राउटला दिलेली ढील

मंडळी, पायातले ओले बूटसुद्धा अजून काढले नाहीत, आधी तुम्हालाच सांगतो. आज मला ट्राउट मासा मिळाला! अगदी पहिलावहिला!

मुलाकडे परदेशात यायचा हा तिसरा वसंत. उद्या आमचं नागपूरचं विमान, म्हणजे आजचीच काय ती संधी. सून केतकी मला नदीवर घेऊन गेली. दुपारी पाण्यातून मेफ्लाय नावाचे नाजूक किडे निघाले आणि पंख उभारून प्रवाहावर तरंगू लागले. ट्राउट वर येऊन त्यांना गट्ट करत होते. माझ्या गळाला लावलेल्या पिसांच्या खोट्या माशीकडे मात्र कुणी ढुंकून बघेना.

केतकी म्हणाली, "बाबा, दोरी ताणली जातेय. माशी ओढल्यासारखी दिसते. थोडी लूज सोडा ना."

"अगं, म्हणजे ढील द्यायची! आधी नाही का सांगायचं? सारं बालपण पतंगात गेलं माझं!"

ढील दिली. माशी मोकळी वाहू लागली, आणि डुबुक! मी रॉड उचलून, पतंग कापल्यासारखा बोंबललो, "ओ काऽट!"

"बाबा, काट काय? आपली दोरी तुटायला नको!" म्हणत केतकी जाळी घेऊन धावली.

काय देखणा ठिपकेदार मासा! डोळे भरून पाहिला आणि पाण्यात सोडून दिला.

घरी ही मसाला वाटून तयार. "मासा कुठंय?"

म्हटलं, "त्यालाही ढील दिली."

आता रात्री वांग्याची भाजी आहे. पण मंडळी, तुमची कुठली लहानपणची खोड अशी परमुलखात कामी आली? सांगा बरं!