शून्य तारखेची माणसं

आमच्या डोळ्याच्या दवाखान्याची कार्यकारिणी म्हणजे सात माणसं, आणि सातही जणांची जन्मतारीख एक जुलै. खोटं नाही सांगत. शाळेत नाव टाकताना मास्तरांनी पोरगं पाहिलं, हात डोक्यावरून कानाला पोचतो का बघितलं आणि एक जुलै लिहून मोकळे झाले. त्यात या लोकांचा दोष नाही. पण ती तारीख खरी धरून दरवर्षी केक कापतात, हा दोष त्यांचाच.

मी तिथं नोंदीचं काम करते. लाल कापडातल्या रजिस्टरांपासून सुरुवात केली. कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्या बाया लांब सरकल्या, मी बसली. दहावीच्या पुढं माझं शिक्षण नाही. डेटाबेस म्हणजे काय हे मला कोणी सांगितलं नाही. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं जाड इंग्रजी पुस्तक टेबलाच्या पायाखाली दिलेलं होतं. ते काढलं आणि शब्दकोश घेऊन वाचत गेली. टेबल अजून हलतं. निवृत्तीचं वय कधीच होऊन गेलं, तरी संस्था मला सोडत नाही. प्रेमापोटी नाही, बाप्पा. दुसरं कोणी नाही म्हणून.

मुकुटबनकडं आमचं शिबिर लागतं. मोतीबिंदूचे म्हातारे-म्हाताऱ्या येतात, एक डोळा आधी होतो, दुसरा काही महिन्यांनी. दुसऱ्या डोळ्यासाठी दवाखान्याची गाडी त्यांना घ्यायला जाते. यादी कॉम्प्युटरातून निघते आणि ड्रायव्हर यादीत नाव असेल त्याच्याच दारात थांबतो. नाव नसलं तर म्हातारी पिशवी घेऊन रस्त्यावर उभी असली तरी गाडी पुढं जाते.

या माणसांना जन्मतारीख विचारली की ती हसतात. एक म्हणाली, थोरल्या बहिणीच्या लग्नात मी रांगत होती, तुम्हीच काढा आता हिशोब. आधार कार्डावर असते म्हणा तारीख, पण ती कोणी टाकली? कार्ड काढणाऱ्यानं, चेहऱ्याकडं बघून. एका मायलेकाच्या कार्डांवर माय लेकापेक्षा दोन वर्षांनी मोठी निघाली. मी असलं काही लिहिणार नाही म्हटलं. तारखेच्या जागी शून्य टाकायची आणि शेऱ्यात खरं ते लिहायची: अंदाजे वय, बहिणीचं लग्न, जे असेल ते. मला माझ्या त्या शून्यांचा मोठा अभिमान होता.

तर एवढ्यात कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या नागपूरच्या कंपनीचं पत्र आलं, की डेटाबेसची आपली आवृत्ती फार जुनी झाली, तिची दुरुस्ती आता कोणी करणार नाही, नवी टाकून घ्या. आमच्याकडं दोन सर्व्हर आहेत. एक मोठा, ज्यावर काम चालतं, आणि एक त्याचा जुळा, जो मोठ्यावर जे लिहिलं जातं ते शब्दाला शब्द उतरवून घेतो. पुस्तकात सरळ लिहिलंय: आधी जुळ्यावर नवी आवृत्ती टाका, चार दिवस बघा, मग मोठ्याला हात लावा. कार्यकारिणीच्या सचिवांना मी हे दोनदा सांगितलं. त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी रविवारी अकराचा मुहूर्त काढून दिला आणि सचिव माझ्याकडं येऊन म्हणाले, "बाई, जोडप्यातल्या एकालेच पाटावर बसवत नसतेत. दोघायचं संगच होऊन जाऊ द्या."

सर्व्हरचं जोडपं. मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहिली. थट्टा करत असेल असं वाटलं. नव्हता करत.

शनिवारी मी साऱ्या नोंदींची प्रत एका डिस्कवर काढून पिशवीत टाकली, प्रत्येक तक्त्यात किती नोंदी आहेत ते कागदावर उतरवलं आणि घरी गेली. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या डिस्कलाही कुंकू लागलं असतं.

रविवारी नागपूरहून कंपनीचा इंजिनीअर आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट खिशात. दोन्ही सर्व्हरांना हळदकुंकू झालं, झेंडूचे हार घातले, तेही बरोबर पंख्याच्या जाळीवर. गरम हवा बाहेर येते तिथंच. हार मी काढायला गेली तर सचिव म्हणाले, फोटो होऊ द्या. फोटो होईपर्यंत मशीन घुंऽऽ करून ओरडायला लागली. सचिवांना वाटलं प्रसन्न झाली.

इंजिनीअरला मी विचारलं, की दोन्ही एकदम काहून करता. त्याला सचिवांच्या पाटापेक्षा आपलं तिकीट प्यारं. म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ. मी असे पन्नास केले."

पन्नास केले म्हणणाऱ्याची मला लगेच भीती वाटते. पन्नास पोळ्या करणारी बाई असं कधी म्हणत नाही.

दीडच्या सुमाराला झालं म्हणाला. पेढे वाटले. मी माझा कागद काढला आणि मोजायला बसली, तसा तो हसला. पेशंटचा तक्ता कमी भरला. थोडाथोडका नाही. मी मंगळवारची यादी काढून बघितली. मुकुटबनच्या बाजूची तेवीस माणसं होती, कागदावर आली चार.

त्याला दाखवलं. त्यानं पडदा वरखाली केला आणि मग कबूल झाला, की नवी आवृत्ती शून्य तारीख घेत नाही, एकेका नोंदीला अडत होती, म्हणून चुकलं ते सोडून पुढं चल असा हुकूम त्यानं तिला दिला. म्हणजे माझी म्हातारी माणसं यानं पेढ्याच्या आधी रस्त्यावर उतरवली होती आणि वर झालं म्हणून सांगितलं होतं.

"डेटाच खराब होता, काकू."

"डेटा खराब नाही," मी म्हटलं. "ती माणसं आहेत. परवा गाडी निघते त्यायच्यासाठी."

सचिव पेढा खातच आले. त्यांना अडचण समजावून सांगितली. त्यांनी अर्धं ऐकलं आणि तोडगा काढला, आणि तोडगा काय असणार?

"एक जुलै टाका ना साऱ्यायले. आमचं काय अडलं त्याच्यानं?"

"आणि वर्ष?"

"टाका अंदाजानं. कोन पाहून राह्यलं?"

डॉक्टर पाहून राह्यला, मी म्हटलं. वयावरून तो तपासण्या सांगतो, वयावरून छातीचा कागद, ईसीजी म्हणतात तो, काढायला लावतो. पण मी कोणाशी बोलत होती? ज्याला आपल्या जन्माचा दिवस ठाऊक नाही आणि केक ठाऊक आहे, त्याच्याशी. मी त्यांना पेढ्याचा दुसरा डबा दाखवला. ते गेले.

मग पिशवीतून डिस्क काढली. इंजिनीअरला म्हटलं, जुळ्यावर जुनी आवृत्ती परत टाक, शून्य तीच घेते. तो घड्याळाकडं बघायला लागला. त्यानं आपल्या साहेबाला फोन लावला, आणि साहेबानंही तिकडून सोडून पुढं चल असंच सांगितलं, म्हणजे हे घराण्यातच होतं. मी दार लावून खुर्ची दारासमोर घेतली. "तिकीट जाईन, बाप्पा. दुसरं भेटते."

टाकली त्यानं. मनानं वाईट नव्हता, नुसता घाईचा होता. आणि मी डिस्कवरची प्रत तिथं उतरवून बघत बसली तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी मी सचिवांना मरेपर्यंत सांगणार नाही. त्या रकान्याला 'रिकामा चालणार नाही' अशी अट मीच घातली होती, कित्येक वर्षांपूर्वी. रजिस्टरची सवय, एकही चौकट मोकळी दिसली नाही पाहिजे. आणि मग मोकळी ठेवता येईना म्हणून मीच शून्य टाकत गेली. मास्तरांनी एक जुलै टाकला, मी शून्य टाकलं. दोघांनीही चौकट भरली. त्या दिवशी त्या खोलीत खोट्याला खोटं म्हणणारी एकटी ती नवी आवृत्ती होती, आणि आम्ही सारे मिळून तिला गप्प बसवत होतो.

अट काढली. शून्य पुसून तिथं रिकामं ठेवलं. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. मग तीच दुरुस्त प्रत घेऊन त्याला मोठ्यावर नव्या आवृत्तीत भरायला लावली, आणि या वेळी चुकलं ते सोडायचं नाही, चुकलं तिथं थांबायचं, असं बजावलं. कुठंच थांबली नाही. कागदाशी आकडे ताडले, एकूण एक जुळले. यादी काढली, तेवीस. काही बिघडलं तर परत फिरता यावं म्हणून जुळ्याला मी जुन्याच आवृत्तीवर ठेवून पुढच्या आठवड्याचा दिवस दिला. इंजिनीअरची गाडी गेलीच होती. त्याला माझ्या घरी भाकर आणि वांग्याची भाजी खाऊ घालून बसस्टँडवर पाठवलं. भाजी तीनदा घेतली त्यानं.

मंगळवारी गाडी आली. सचिव पायरीवर फोटोवाल्याला घेऊन उभे होते आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, की आता सारं नवीन मशीनवर झालं, म्हणून तुमचा नंबर बरोबर लागला. मी यादीवर खुणा करत गेली. अकराच्या सुमाराला डॉक्टरांनी मला आत बोलावलं. समोर ती बहिणीच्या लग्नात रांगणारी म्हातारी बसली होती, आणि त्यांच्या हातातल्या कागदावर जन्मतारखेची जागा मोकळी होती. हे काय म्हणून विचारलं त्यांनी.

"माहीत नाही तिले," मी म्हटलं. "मलेही नाही. खाली शेरा वाचा."

त्यांनी वाचला, म्हातारीच्या तोंडाकडं नीट बघितलं, छातीचा कागद काढून आणायला सांगितलं. तिचं ऑपरेशन तीन नंबरला झालं.