शालिनीच्या नावाची शिष्यवृत्ती

विद्यापीठाच्या सभागृहात माइकवरून शालिनीचं नाव पुकारलं गेलं आणि मी उगाचच सावरून बसलो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली, म्हणून वर्षातून एकदा तरी ते नाव कुणीतरी मोठ्याने घेतं. घरी मी एकटाच. मी कुणाजवळ घेणार?

कार्यक्रम संपल्यावर शिष्यवृत्ती मिळालेली मुलगी आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, “आजोबा, आजी कशा होत्या?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. “हट्टी होती,” मी म्हणालो. “लग्नामुळे कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सुटलं, पण पुस्तकं तिने कधी रद्दीत घालू दिली नाहीत. दुपारी कधी कधी...”

तेवढ्यात मैत्रिणींनी तिला फोटोसाठी हाक मारली. “आलेच हं, आजोबा,” म्हणत ती पळाली आणि घोळक्यात दिसेनाशी झाली. मला राग नाही आला, वयच ते. थोडा वेळ वाट पाहून मी निघालो.

दुपारी शालिनी ती जुनी पुस्तकं काढून खिडकीशी वाचत बसायची, हे मी रिक्षात बसल्यावर सांगितलं.

“काही म्हणालात का, काका?” रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं.

“नाही हो,” मी म्हणालो.