जिवंत माणसाचं नाव

सकाळी ऑफिसात शिरण्याआधी सेवदाने दारावर ल्युबेनच्या स्मृतीचा नवा कागद चिकटवला; गेलेल्या माणसाचा असा कागद दारावर लावायची तिथली रीतच. फोटो जुनाच, खाली 'एक वर्ष तुझ्याविना'. मग कोट काढून ती सर्व्हरसमोर बसली, कारण नवरा जाताना एक काम तिच्या गळ्यात टाकून गेला होता.

प्लोवदिव शहरातल्या त्या छोट्या कंपनीत धरणांच्या पाण्याचा हिशेब ठेवणारे प्रोग्रॅम लिहीत. सगळ्यांचा कोड ऑफिसातल्याच सर्व्हरवर. त्याचं सुरक्षा-प्रमाणपत्रही ल्युबेनने घरच्या घरी बनवलेलं, स्वतःच्या नावाने. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आधी ते ओळखीचं आहे का बघायचं, मगच देवाणघेवाण करायचं. आता त्याची मुदत संपत आली होती.

गिटची तपासणीच बंद करून टाकू, असं दोघातिघांनी सुचवलं. म्हणजे दारात कोणीही उभं राहिलं तरी आत या म्हणायचं! सेवदाने त्यांना असं झापलं की पुन्हा कोणी विषय काढला नाही. पण नव्या प्रमाणपत्रात नावाची जागा आली आणि तिचाच हात अडला. हे नाव गेलं की ल्युबेन ऑफिसातूनही गेला, असं तिला वाटत होतं.

शेजारच्या टेबलावर ल्युबेनचा जुना दोस्त मनोल बसायचा. तो हळूच म्हणाला, "त्याचंच घाल की. कोण बघतंय?"

"त्याचं नाव दारावर लावलंय, मनोल. इथं हमी द्यायला जिवंत माणूस लागतो."

तिने स्वतःचं नाव टाइप केलं.

पुढची रीत ल्युबेननेच घालून दिलेली. नवं प्रमाणपत्र प्रत्येकाच्या मशीनवर चढवायचं आणि त्याची ओळखखूण, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ, एकाने कागदावरून वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर ताडून बघायची. फोनवर नाही, मेलवर नाही, शेजारी बसून. सेवदा टेबलामागून टेबल फिरत घसा बसेपर्यंत वाचत राहिली. एकेकाचं गिट कुरकुर न करता चालू लागलं.

शेवटी ती आपल्या खुर्चीत येऊन बसली आणि कागद हातात तसाच राहिला. तिच्यासाठी नेहमी ल्युबेन वाचायचा. वाचताना मुद्दाम एखादा आकडा चुकवायचा आणि ती पकडते का ते मिशीतल्या मिशीत हसत बघायचा.

मनोलने खुर्ची ओढली, तिच्या हातातला कागद घेतला आणि वाचू लागला. थोडं पुढे गेल्यावर त्याने सातच्या जागी खुशाल नऊ म्हटलं.

"सात," सेवदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पडदा नीट दिसत नव्हता. "सात आहे तो, गाढवा. पुढे वाच."